तीन बोटं

रविवार, ३ मार्च, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. नमस्कार पुरे, मजकुरावर ये, असं तू दर पत्रात लिहितेस. पण या खेपेला मजकुरावर यायचंच जरा जड जातंय, म्हणून नमस्कार लांबवतोय. इकडे आम्ही सगळे खुशाल. हिची कंबर आता बरी आहे, निदान मला कामाला लावण्याइतकी तरी नक्कीच. भावोजींचा चष्मा सापडला का? नसेल तर त्यांच्या डोक्यावर बघ.

बातमी अशी, की मी तंबाखू सोडली.

हसू नकोस. माझं आजवरचं सोडणं तुला तोंडपाठ आहे. सकाळी शपथ घ्यायची आणि संध्याकाळी हिच्या नकळत कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं. या वेळचं तसं नाही. पुडी नाही, डबी नाही, कोटाच्या अस्तरात ठेवणीतली चिमूटसुद्धा नाही. अस्तर हिने स्वतः उसवून बघितलं आणि उसवलेलं तसंच ठेवलं. आता शिंपीणबाईंच्या भावाचा कोट उसवलेला आहे, हे तुझ्या कानावर घालून ठेवतो.

सोडल्यावर काय होतं ते तुला सविस्तर सांगावंसं वाटतंय. पहिले काही दिवस मी माणसात नव्हतो. हातोडी इकडची तिकडे ठेवली म्हणून भिंतीवर ओरडलो. डोक्यात कुणीतरी कापूस दाबून भरल्यासारखा, आपल्याच शिवणीत आपण कोंबलेले. मग राग ओसरला आणि एक वेगळीच अवस्था आली. दुपारी दुकानात बसलो की माझे हात मला लांबून दिसायचे. ऊन शटरखालून आत यायचं, खुर्च्यांच्या पायांमधून सरकत सरकत भिंतीपर्यंत जायचं, आणि मी ते बघत बसायचो. इतकी वर्षं ते ऊन तिथे येतंय हे मला माहीतच नव्हतं. दिवस एवढा लांबरुंद असतो हेही नव्हतं माहीत.

आणि वास, ताई. नाक परत आलंय. जुनी बैठक उसवली की आतून माणसं बाहेर येतात. शाळेच्या खुर्चीतून खडू आणि पोरांचा घाम. परवा एक आरामखुर्ची आली, तिच्या पाठीतून खोबरेल तेलाचा असा वास आला की मी काम थांबवून तिच्यासमोर उभाच राहिलो. बापमाणूस बसायचा त्यात कुणीतरी. खुर्ची उसवायला मन होईना. शेवटी ‘येतो हं’ म्हणून उसवली.

पण एक मोठी पंचाईत झाली, आणि ती आमच्या धंद्यातच होऊ शकते. मला ज्यांनी काम शिकवलं त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी घड्याळ कधी वापरलं नाही. गादीला आणि लाकडाला सोल्युशन लावायचं, ते थोडं सुकू द्यायचं आणि मगच दोन्ही दाबायचं. घाई केली तर धरत नाही, उशीर केला तरी धरत नाही. किती वेळ थांबायचं, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. त्यांनी एक चिमूट काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, गालात धर, ती चवीला पांचट लागायला लागली की सोल्युशन तयार. तेव्हापासून ओठांच्या उजव्या कोपऱ्यात बारीक खिळे आणि डाव्या गालात बार, असंच माझं काम चाललं. छोट्या स्टुलाला एक बार, सोफ्याला तीन. गिऱ्हाइकाने किती वेळ लागेल विचारलं की मी मनातल्या मनात बार मोजून तास सांगायचो.

बार गेला आणि घड्याळ गेलं. वकीलबाईंच्या ऑफिसातली मोठी कातडी खुर्ची आली होती. मी सोल्युशन लावलं आणि उन्हाकडे बघत बसलो. बराच वेळ गेला असं वाटलं, दाबलं, खिळे मारले, पाठवून दिली. बाई दुसऱ्या दिवशी अशिलासमोर बसायला गेल्या, त्या बसल्याच नाहीत. कातडं हळूहळू पुढे निघालं आणि त्याच्यावरून बाईही टेबलाखाली गेल्या. फार सावकाश गेल्या म्हणे. अशिलाला वाटलं, त्या काही कागद शोधतायत. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, माझी एवढी अदब आजवर कुठल्या खुर्चीने राखली नव्हती, खाली नेऊन ठेवलं. मग आम्ही दोघंही हसलो. तू असतीस तर तुझं हसू रस्त्यापर्यंत गेलं असतं.

त्यावर तोड मी तुझ्याकडून घेतली. तू मशीनवर बसून मला पाढे म्हणायला लावायचीस ना, तो एकोणतिसाचा पाढा दोनदा म्हटला की सोल्युशन बरोबर तयार होतं. सातावर मी अजून अडकतो. अडकलो की तुझं मशीन थांबायचं, तू माझ्याकडे बघायचीस, आणि आकडा आपोआप आठवायचा. आता मशीन नाही म्हणून जरा जास्त अडकतो. दुकानात येणारे-जाणारे समजतात, मी काही जप करतोय.

सोडली कशी, हे राहिलंच. काम करताना खिळा चावला गेला आणि दाढेचा टवका उडाला. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. पोरसवदा बाई आहे, पण हात हलका. दाढ राहिली बाजूला, तिने गालात दिवा घातला आणि बराच वेळ बघत राहिली. डाव्या गालात एक पांढरा डाग आहे. तंबाखू सोडलीत तर तो जाण्याची पुष्कळ शक्यता आहे, मात्र दाखवत राहायचं, असं म्हणाली. मी घाबरलो, हे तुझ्यापाशी कबूल करायला मला लाज नाही. मग तिने एक गंमत सांगितली. हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि दातांच्या मधून तोंडात घालायची. तीन गेली तर तोंड नीट उघडतंय. माझी गेली, जरा ताणून, पण गेली.

मी सहज विचारलं, दोनच जात असतील तर?

ती म्हणाली, “कुणाची?”

मी म्हटलं, कुणाची नाही, असंच.

दुपारी डोळा लागला की अलीकडे फार स्वच्छ स्वप्नं पडतात. काल आपली जुनी गल्ली दिसली, पण रस्ता गादीचा. पाय रुततायत, पडलो तरी लागणार नाही असा. दोन्ही बाजूंनी रिकाम्या खुर्च्या आणि प्रत्येकीत कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा खळगा. वर आपल्या गॅलरीत तू उभी. मला जेवायला बोलवायला यायचीस तशी, कठड्यावर दोन्ही हात, तोंड हे एवढं उघडलेलं. तुझी ती हाक तीन गल्ल्या ऐकायच्या, दुसऱ्यांची पोरंसुद्धा घरी पळायची. पण स्वप्नात आवाज येत नव्हता. तू हाका मारत होतीस, मी बघत होतो, आणि आवाज नव्हता. उठलो तेव्हा ऊन भिंतीपर्यंत पोचलं होतं.

बरं, तू कशी आहेस? हिवाळ्यात आमच्याकडे राहून गेलीस तेव्हा दात हलतोय म्हणत होतीस. सफरचंद चमच्याने खरवडून खात होतीस. मला ते बघायची सवय नाही, कारण सफरचंद मोडल्याचा तुझा आवाज शेजारच्या खोलीत यायचा. पाव चहात भिजवून, तोही चहा निवल्यावर. आणि हसताना तोंडावर हात धरत होतीस. आपली ताई वयाबरोबर लाजायला शिकली, असं मी हिला म्हणालो.

गंमत म्हणून तूही ती तीन बोटं घालून बघ. भावोजींना दाखवायची गरज नाही. किती गेली तेवढं कळव.

तुझा,
ठोंब्या


गुरुवार, २१ मार्च

प्रिय ताई,

तुझं चार पानी पत्र मिळालं. चष्मा खरोखरच डोक्यावर सापडला हे वाचून ही एवढी हसली की तिची कंबर परत धरली. मशीनचा पट्टा बदललास, शेजारणीच्या मांजरीने तुझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बाळंतपण केलं, भावोजी पिल्लांची नावं ठरवतायत, सगळं वाचलं. माझी पाठ थोपटलीस, ती थापही पोचली. पण मी एकच गोष्ट विचारली होती. त्याला तू काय उत्तर दिलंस, तर ‘आता या वयात तोंडात बोटं घालायची का?’ चार पानांत दुसरं काही नाही.

ते पत्र खिशात घालून मी दुकानातून बाहेर पडलो आणि पाय आपोआप कोपऱ्यावर गेले. तिथला दुकानदार मला बघताच काही न विचारता वरच्या फळीकडे हात करतो, इतकी आमची जुनी ओळख. त्याचा हात पुडीपर्यंत पोचला. मी बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी तोंडाला असं पाणी सुटलं की लाज वाटावी. सगळं सोपं झालं असतं, ताई. एक बार भरला असता, तुझं पत्र पुन्हा वाचलं असतं, आणि त्यात काही कमी आहे असं मला वाटलंही नसतं. मी म्हटलं, काड्यापेटी द्या. आता घरात सात काड्यापेट्या झाल्यात.

परत आलो आणि ठरवलं, की आडून आडून लिहिणं बंद. हे मी तोंडावर कधी बोलू शकलो नसतो. तू मोठी, तू मला वाढवलंस, तुझ्यापुढे मान वर करून बोलायची मला सवय नाही. कागदावर मान दिसत नाही म्हणून लिहितो.

मशीनच्या उजव्या खणात, बॉबिनच्या खाली, एक चपटी डबी असते. ती मला माहीत आहे. आई गेली त्या वर्षी तुझी दाढ ठणकत होती आणि खालच्या म्हातारीने तुला चिमूटभर दिली, तेव्हापासून माहीत आहे. बाबांनाही माहीत होती. भावोजींनाही असणार. आपल्या घरात ती डबी सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. मी दुकानात उघड खायचो, मिशीवरून हात फिरवत खायचो. तुला मात्र मशीनकडे तोंड करून, दोऱ्याची गुंडाळी शोधल्यासारखं करावं लागायचं. आम्ही सगळे त्या वेळी दुसरीकडे बघायचो. तुझा मान राखतोय, असं आम्हाला वाटायचं. आता वाटतं, त्या वेळी एकाने जरी इकडे बघितलं असतं तरी तुझ्या मानाला काही झालं नसतं.

डॉक्टरकडे परवा पुन्हा गेलो होतो. माझा डाग जरा फिका पडलाय. मग मी खुर्चीतून उठलोच नाही. ती म्हणाली, झालं की तुमचं. मी म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही ‘कुणाची’ असं विचारलं होतंत. आणि तिला सगळं सांगितलं. सफरचंद, चहा, हात. ती लिहून घेत होती, मग लिहायची थांबली आणि म्हणाली, त्यांना घेऊन या.

मी विचारलं, बरं होईल ना?

ती म्हणाली, “बघितल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही. पण लवकर आलात तर माझ्या हातात पुष्कळ असतं.”

खोटा धीर तिने दिला नाही, म्हणून माझा तिच्यावर भरवसा बसला. ती कुणाला रागावत नाही. मलाही रागावली नाही. मी तिच्यापुढे तोंड उघडून बसलो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ती म्हणाली काय, तर मानेखाली उशी देऊ का?

सोडणं कठीण जाईल, ते सांगायला माझ्याइतका जाणकार तुला मिळणार नाही. चिडशील. भावोजींवर ओरडशील, मांजरीच्या पिल्लांवर ओरडशील. सुई ओवताना हात तुझा नाही असं वाटेल. मग दुपारी मशीन थांबेल आणि ऊन दिसायला लागेल. कापडाला वास असतो हे आठवेल. कोऱ्या मांजरपाटाचा वास तुला किती आवडायचा. गठ्ठा सोडलास की आधी नाक खुपसायचीस आणि मलाही खुपसायला लावायचीस.

मला भीती वाटते, ताई. माझ्या डागाची वाटली नव्हती एवढी वाटते. दुपारी डोळे मिटले की तू गॅलरीत असतेस आणि आवाज येत नाही. आता मी डोळे मिटायचंच टाळतो, पाढे म्हणत बसतो.

दाराला कडी लाव. आरशासमोर उभी राहा. तीन बोटं धर. किती गेली ते एका कार्डावर लिही. बाकी काही लिहू नकोस, मांजरीचं नको आणि माझं कौतुक नको. रागवायचं असेल तर मी तिकडे आल्यावर रागव, मी उभा राहून ऐकून घेईन.

तुझाच,
ठोंब्या


सोमवार, १ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. आमचा पोस्टमन कार्डं वाचूनच देतो. त्याने मला दुकानाच्या दारात गाठलं आणि विचारलं, दीड काय हो? मी म्हटलं, कापड. दीड मीटर कापड. तो गेला, आणि मी तुझा तो एक शब्द हातात धरून वकीलबाईंच्या खुर्चीत बसलो. ती खुर्ची नव्याने करून तयार होती, न्यायला माणूस यायचा होता. या वेळी कातडं जागचं हललं नाही.

दीड.

तू खरं लिहिलंस. दोनसुद्धा लिहू शकली असतीस, मी तपासायला थोडाच होतो. दारामागे एकटी उभी राहून तू ते बघितलंस आणि खोटं लिहिलं नाहीस, याहून तुझी कुठली गोष्ट मला मोठी वाटणार नाही. मी रडलो. हिने बघितलं आणि या खेपेला दुसरीकडे बघितलं नाही, जवळ येऊन बसली.

आता ऐक. बुधवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे येतो. गुरुवारी तुला घेऊन इकडे परत. डॉक्टरला सांगून ठेवलंय, तिने शुक्रवारची पहिली वेळ दिलीय. ती आधी बघेल. लागलं तर गालातला इवलासा तुकडा तपासायला पाठवेल. त्याचं काय येईल ते मला माहीत नाही, आणि ती म्हणते तिलाही आज माहीत नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम असतात, ते रोज करायचे असतात. मी तुझ्याबरोबर बसून करीन. दोन म्हातारी माणसं समोरासमोर तोंड वासून बसलेली, भावोजींना आयती करमणूक होईल. त्यांना तू सांगितलंस का? नसेल सांगितलं तर मी आल्यावर दोघं मिळून सांगू. मला वाटतं, ते फक्त म्हणतील, “मला माहीत होतं गं.”

डबी फेकू नकोस. एकटीने फेकलेली डबी संध्याकाळी परत शोधली जाते, मी केरात हात घातलेला माणूस आहे. ती खणात बॉबिनखाली आहे तिथेच असू दे. मी आलो की माझ्यासमोर काढ, आणि मशीनकडे तोंड करू नकोस. त्या डबीत आपण टाचण्या ठेवू.

बुधवारी मी दाराची घंटा वाजवणार नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन आणि तू मारायचीस तशी हाक मारीन, तीन गल्ल्या ऐकतील अशी. लोक बघतील, बघू देत. तू गॅलरीत ये. ओ देता येईल तेवढी दे, दीड बोटातून जेवढी बाहेर येईल तेवढी. मला ऐकू येईल. माझे कान लहानपणापासून त्याच कामाला लागलेत.

आणि कोटाचं अस्तर उसवलेलंच घेऊन येतोय. तेवढं शिवून दे.

तुझ्या हाकेला घरी पळत येणारा,
ठोंब्या